विदर्भातल्या गावातून अंदमानचे समुद्रकिनारे: पाठीवर एक बॅग आणि आटोपशीर खर्च

अंदमानला जायला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, आणि तिथे हिंदी सगळीकडे चालते. तरीही यवतमाळ, वाशीम, गोंदियाकडची बहुतेक मंडळी तिकडे टूर कंपनीबरोबरच जातात, कारण स्वतः जायचं तर सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. दोघं मिळून गेलात, स्लीपर डब्यात झोपायची आणि सरकारी बोटीच्या रांगेत उभं राहायची तयारी असली, तर गावापासून गावापर्यंत तेरा-चौदा दिवसांचा प्रवास माणशी पंचवीस ते तीस हजारांत होऊ शकतो. या प्रवासात पैसा वाचतो तो दिवस नीट मांडल्याने. विमानाची तारीख, बोटीची वेळ आणि भरती-ओहोटी ही तीन गणितं जुळली की घासाघीस करायची वेळच येत नाही.

लेखातले दर अंदाजाचे आहेत. ते हंगामाप्रमाणे खाली-वर होतात, म्हणून बजेटमध्ये दहा टक्के वरचे धरा.

कधी निघायचं

अंदमानात पाऊस आपल्यापेक्षा लांबतो. नैऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यातच येतो. तो ओसरतो न ओसरतो तोच परतीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबर भिजवतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे अकोला-बुलढाण्याच्या जवळपास चौपट. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, पाणी गढूळ आणि बोटी ऐनवेळी रद्द, असा प्रकार असतो. खरा हंगाम डिसेंबरअखेर ते एप्रिल. त्यातही जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चमधला काळ सगळ्यात चांगला.

शेतीच्या कामाशी हे बरं जुळतं. कापसाचे वेचे संपत आलेले असतात, तूर घरात आलेली असते, हरभऱ्याला थोडा अवकाश असतो. भंडारा-गोंदियाकडे धान आधीच निघतं, म्हणून तिकडच्या लोकांना डिसेंबरमध्येच निघावंसं वाटतं. पण २० डिसेंबर ते ५ जानेवारी हे दिवस टाळाच. नाताळ-नववर्षाच्या गर्दीत विमानाचं भाडं दुप्पट होतं आणि सातशेची खोली दोन हजारांना मिळते. दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगालमधून मोठी गर्दी असते, तीही टाळा. उन्हाळी सुट्टीतच जाता येत असेल, तर एप्रिल संपायच्या आत परत या.

गावातून चेन्नई किंवा कोलकाता

अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये तिचं नाव श्री विजय पुरम झालं, पण लोकांच्या तोंडी आणि बऱ्याच तिकिटांवर अजून जुनंच नाव आहे. तिथे विमानं चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणम, बंगळुरू अशा शहरांतून जातात. नागपूरहून विमान बदलत जाता येतं, पण ते सहसा बरंच महाग पडतं. बजेटचा रस्ता म्हणजे रेल्वेने चेन्नई किंवा कोलकाता गाठायचं आणि पुढचा समुद्र तेवढा विमानाने ओलांडायचा.

वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ आणि वणी भागासाठी चेन्नई सोयीची. दिल्लीहून येणाऱ्या जीटी एक्सप्रेस (१२६१६) आणि तमिळनाडू एक्सप्रेस (१२६२२) नागपूर-बल्लारशाहमार्गे चेन्नईला जातात. जीटी सेवाग्राम आणि चंद्रपूरलाही थांबते. नागपूर ते चेन्नई अंतर सुमारे अकराशे किलोमीटर, वेळ पंधरा ते अठरा तास, स्लीपरचं भाडं सहाशेच्या आसपास. अकोला, अमरावती, भंडारा आणि गोंदियाकडच्यांना कोलकात्याचा हावडा मार्ग सोयीचा. पुणे-हावडा आझाद हिंद एक्सप्रेस अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर आणि गोंदिया असं सगळं घेत जाते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी विमानाचं जाण्या-येण्याचं तिकीट बघा, दोन-तीन महिने आधी. मंगळवार-बुधवारची भाडी बहुधा कमी असतात. चेन्नईहून जाऊन-येऊन आठ ते बारा हजारांत मिळालं तर घेऊन टाका. मग रेल्वेचं तिकीट काढा. त्याचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

यात नेमकी चूक होते ती गाडी आणि विमान यांच्यामधल्या वेळेत. पोर्ट ब्लेअरची बरीच विमानं पहाटेपासून दुपारपर्यंत सुटतात. गाडी सकाळी सहाला पोहोचते आणि विमान साडेदहाला आहे, हे कागदावर छान दिसतं. गाडी तीन तास उशिरा आली की बारा हजार बुडतात, आणि रेल्वे उशिरा आली म्हणून विमान कंपनी परतावा देत नाही. एक दिवस आधी पोहोचा. स्टेशनवरच्या डॉर्मिटरीत किंवा स्टेशनजवळच्या साध्या लॉजमध्ये रात्र काढा. पाच-सहाशे रुपयांत डोक्याची चिंता जाते.

चेन्नईत उतरताना तिकिटावर शेवटचं स्टेशन कोणतं ते नीट वाचा: सेंट्रल, एग्मोर की तांबरम. विमानतळासमोरचं लोकल स्टेशन आहे तिरुसुलम. सेंट्रलला उतरलात तर समोरच्या पार्क स्टेशनवरून, एग्मोर किंवा तांबरमला उतरलात तर तिथूनच, तिरुसुलमची लोकल मिळते. ही सगळी स्टेशनं एकाच मार्गावर आहेत. भाडं चहाच्या कपाएवढं. सेंट्रलहून मेट्रोही थेट विमानतळात जाते, ती थोडी महाग पण सामान असताना बरी. ऑटोवाल्याच्या मागे जायची गरज नाही.

जहाजाबद्दल खूप जण विचारतात. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअरला प्रवासी जहाजं जातात. अडीच ते चार दिवस लागतात. सगळ्यात स्वस्त तो बंक वर्ग, म्हणजे दुमजली पलंगांचा मोठा हॉल. अनुभव म्हणून जहाज मोलाचंच आहे, पण महिन्यातून मोजक्याच फेऱ्या असतात, तारखा उशिरा जाहीर होतात आणि बदलतात. शिवाय जहाजावरचं जेवण आणि जास्तीचे चार-पाच दिवस धरले तर बचत वाटते तेवढी राहत नाही. वेळेचं बंधन नसलेल्यानेच तो मार्ग धरावा. एकच बाजू जहाजाने करायची असेल तर परतीची करा. जाताना जहाज लांबलं तर बेटांवरची सगळी बुकिंग कोसळतात.

बॅगेत काय

स्वस्त विमानात चेक-इनच्या सामानाला साधारण १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो मुभा असते. बॅग चाळीस-पंचेचाळीस लिटरची पुरते. भरून झाली की किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा. ९-१० किलोच्या वर गेली तर काहीतरी काढा, कारण ती जेट्टीवर (बोटीच्या धक्क्यावर), बसमध्ये आणि वाळूत तुम्हालाच वाहायची आहे.

जीन्स नेऊ नका. अंदमानच्या दमट हवेत ओली जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि वास मारते. पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाचे तीन टी-शर्ट, त्यातला एक पूर्ण बाह्यांचा, दोन हाफ पँट, एक पूर्ण पँट एवढं बस. टॉवेलऐवजी पंचा न्या. उन्हाळ्यात डोक्याला बांधतो तो सुती दुपट्टा तर हवाच, तो ऊन, बोटीतला वारा आणि बसायची चादर, तिन्ही कामं करतो. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्या. ओहोटीत मेलेल्या प्रवाळावरून चालताना साधी स्लीपर निसटते आणि पाय कापतो. त्या जखमा खाऱ्या पाण्यात चिघळतात.

बॅगेच्या आत जाड पॉलिथिनची एक मोठी पिशवी अस्तरासारखी घाला आणि कपडे त्यात भरा. बोटीच्या डेकवर लाटेचं पाणी उडतं, बाहेरचं रेनकव्हर त्याला पुरत नाही. मोबाईलसाठी झिपची जलरोधक पिशवी घ्या. ती आधी घरी आत कागद घालून बादलीत अर्धा तास बुडवून तपासा. मोबाईलच्या चार्जिंगच्या खाचेत खारं पाणी गेलं तर पंच्याने पुसून लगेच चार्जिंगला लावू नका, आतलं गंजतं.

औषधांत ओआरएसची आठ-दहा पाकिटं, बोट लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी, जखमेसाठी अँटिसेप्टिक आणि चिकटपट्टी, डास पळवणारं मलम. वाळूत बारीक माशा असतात, त्यांना सँडफ्लाय म्हणतात. चावल्याचं तेव्हा कळत नाही, रात्री मात्र खाज सुटते आणि खाजवलं की फोड पिकतात. पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावला की त्या त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत. संध्याकाळी वाळूवर थेट बसू नका, दुपट्टा अंथरा.

खाण्याचं थोडं सामान न्या: भाजलेले शेंगदाणे, चिवडा, सातूचं पीठ, आणि तिखटाची पुडी, कारण तिकडचं जेवण आपल्या जिभेला अळणी लागतं. लोणचं आणि ठेचा हातातल्या बॅगेत चालत नाही, सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत हवी. सुकं खोबरं विमानात नेऊ नका, ते ज्वलनशील म्हणून अडवतात. काडेपेटी आणि लायटरही घरीच ठेवा.

मूळ आधार कार्ड आणि त्याच्या चार झेरॉक्स प्रती वेगळ्या पिशवीत ठेवा. बोटीचं तिकीट, लॉज, जंगल खात्याचा पास, सगळीकडे लागतात. गाडी चालवणार असाल तर लायसन्स मूळ हवं.

पहिला दिवस: बोटीच्या तिकिटाचं काम आधी

पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर विमानतळावरून शहर चार-पाच किलोमीटरवर. अॅबर्डीन बाजार आणि मोहनपुरा बसस्टँडच्या आसपास लॉज बघा, दोघांची साधी खोली आठशे ते बाराशेपर्यंत मिळते. इथून बस, बाजार आणि सेल्युलर जेल, सगळं पायी आहे.

बॅग टाकली की पहिलं काम बोटीचं. दोन प्रकारच्या बोटी असतात. खासगी क्रूझ वातानुकूलित आणि जलद, दीड तासात हॅवलॉक बेटावर. भाडं एका फेरीला बाराशे ते दोन हजार. सरकारी बोट अडीच तास घेते, पण भाडं खूपच कमी. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, तिकीट तिथल्या खिडकीवर आणि सरकारी जहाज विभागाच्या संकेतस्थळावर मिळतं. तिकिटं प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुली होतात आणि सकाळच्या बोटी लवकर भरतात. खिडकी उघडायच्या आधी पाऊण तास रांगेत उभे राहा, सोबत आधारची झेरॉक्स आणि सुटे पैसे. त्याच फेरीत शक्य तेवढे पुढचे टप्पेही काढा: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील बेट, नील ते पोर्ट ब्लेअर. पुढचा टप्पा तिथे गेल्यावर बघू असं म्हणणारे एका बेटावर अडकतात, आणि मग मिळेल त्या महाग बोटीचं तिकीट घेतात.

उरलेल्या वेळात सेल्युलर जेल बघा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगात ६९६ कोठड्या होत्या. सावरकर इथे १९११ ते १९२१ पर्यंत होते. दुपारी गेलात तर तीन तास द्या, घाईत पाहायची ही जागा नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे पण घड्याळ तेच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पाच-सव्वापाचलाच मावळतो आणि लगेच काळोख होतो. गावी साडेसहापर्यंत फिरायची सवय असते, तिथे साडेचारला परतीचा विचार सुरू करावा लागतो. त्याची भरपाई पहाटे. पाच वाजता उठलात तर दिवस मोठा मिळतो आणि किनारे रिकामे असतात.

हॅवलॉक

सरकारी नाव स्वराज द्वीप. हे आणि नीलचं शहीद द्वीप ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये दिली गेली. बेटावर गावं क्रमांकानेच ओळखतात: जेट्टी एक नंबर, बाजार तीन नंबर, विजयनगर पाच नंबर, राधानगर सात नंबर. राहायला तीन आणि पाच नंबरच्या मधल्या पट्ट्यात बघा. किनाऱ्यालगत बांबूच्या साध्या खोल्या असतात, रस्त्याच्या आतल्या बाजूच्या खोल्या आणखी स्वस्त. दोन-तीन जागा पाहून मगच ठरवा. तपासायच्या गोष्टी: मच्छरदाणी आहे का, गोडं पाणी दिवसभर येतं का, दाराची कडी पक्की आहे का. तीन रात्री इथे द्या.

जेवण बाजारातल्या छोट्या खानावळीत. भात, डाळ, भाजी, हवा तर मासा; शाकाहारी थाळी शंभर-दीडशे, माशाची दीडशे-दोनशे. किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये तेच जेवण अडीचपट महाग. भाकरी मिळणार नाही, भातावर भागवायची तयारी ठेवा.

राधानगर जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटर. तिथे जाणारी बस दिवसातून काही फेऱ्या करते, वेळा जेट्टीवर विचारून लिहून घ्या आणि परतीची शेवटची बस आधी विचारा. दोघं असाल तर एक दिवस स्कूटर भाड्याने घेऊन, पाच-सहाशे अधिक पेट्रोल, राधानगर आणि काळापत्थर हे किनारे एकाच दिवसात करा. स्कूटर घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. जुने ओरखडे तुमच्या नावावर लागू नयेत म्हणून हे करायचं.

राधानगरला पांढरी मऊ वाळू आहे, पोहायला खडक लागत नाही. पण त्याच्या उजव्या कडेला नील्स कोव्ह नावाची खाडी आहे, तिथे पाण्यात उतरू नका. अंदमानात खाऱ्या पाण्याच्या मगरी आहेत. २०१० साली त्याच भागात एका पर्यटक महिलेचा मगरीने बळी घेतला. मगरीच्या पाट्या असलेल्या ठिकाणी, खाड्यांच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ गुडघाभर पाण्यातही जायचं नाही. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की लगेच बाहेर या.

एलिफंट बीचला बोटीने माणशी हजाराच्या आसपास लागतात, पण जंगलातून पायवाटही आहे, सुमारे दोन किलोमीटरची. चिखल असतो, सँडल घट्ट बांधा. सकाळी लवकर निघा, दुपारी तीनच्या आत परत फिरा.

समुद्र आणि विहिरीतलं पोहणं

आपल्याकडचे बरेच जण चांगले पोहतात. विहिरीत, डोहात, धरणाच्या पाण्यात शिकलेले असतात. त्यांनाच समुद्रात जास्त धोका असतो, कारण त्यांना भीती वाटत नाही. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्राचं पाणी सतत कुठेतरी ओढत असतं.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात आणि ते पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. वरून बघितलं तर दोन्ही बाजूला फेस उसळतोय आणि मध्ये एक पट्टा शांत, गडद दिसतो. नवखा माणूस नेमका तोच पट्टा निवडतो, तिथे लाटा नाहीत म्हणून. तीच ओढ आहे. तिच्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमाल आणि जागेवरच राहाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. पंधरा-वीस मीटरवर ओढ संपते, मग लाटांबरोबर तिरपे बाहेर या. दम संपला तर पाठीवर तरंगा आणि हात वर करून हाका मारा. एकट्याने पाण्यात जायचं नाही, आणि कंबरेच्या वर लाइफ जॅकेटशिवाय जायचं नाही.

जेलीफिश चिकटली तर चोळू नका, गोडं पाणीही ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने अलगद काढा आणि श्वास लागत असेल तर थेट आरोग्य केंद्र गाठा.

भरती-ओहोटीला तिथी बघायची सवय कामाला येते. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी आणि ओहोटीही खोल, अष्टमीच्या आसपास दोन्ही सौम्य. त्या त्या दिवसाच्या नेमक्या वेळा मोबाईलवर पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता बघून वहीत उतरवा, बेटांवर नेटवर्कचा भरवसा नाही. मग दिवस असा लावा: हॅवलॉकच्या विजयनगर आणि नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर पाणी भरतीच्या आसपास असताना जा, कारण ओहोटीत पाणी दूर जातं आणि खडक-प्रवाळ उघडे पडतात. खडकांतली डबकी बघायची असतील तर ओहोटी साधा.

ऊन आणखी एक फसवणारी गोष्ट आहे. चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत काम करणाऱ्याला तिथले तीस-बत्तीस अंश काहीच वाटत नाहीत. पण आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग थंड होतं. तिथे हवा ओली, घाम वाळतच नाही, माणूस आतून तापत राहतो. दर दोन तासांनी पाणी, दिवसातून एकदा ओआरएस, आणि अकरा ते दोन सावलीत. स्नॉर्कलिंग करताना, म्हणजे नळीने श्वास घेत तोंड पाण्यात ठेवून पोहताना, पाठ पाण्याच्या वर राहून भाजते, म्हणून तेव्हा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला.

नील

हॅवलॉकपासून तासभराची बोट. बेट छोटं, सपाट, भाजीच्या मळ्यांचं. शेतकरी माणसाला इथे आपोआप बरं वाटतं. सायकल भाड्याने घ्या, दोन दिवसांत सगळं बेट होतं. सूर्योदयाला सीतापूर, सूर्यास्ताला लक्ष्मणपूर. दगडी नैसर्गिक पूल फक्त ओहोटीतच नीट बघता येतो. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळायला लागलं की निघा. खडकांवर शेवाळ असतं, तिथे घाई केली की हमखास घसरायला होतं. खोल्या आणि जेवण हॅवलॉकपेक्षा स्वस्त. एटीएमवर विसंबू नका, हॅवलॉकला किंवा पोर्ट ब्लेअरला चार-पाच हजार रोख काढून ठेवा.

तीन-चार दिवस हातात असतील तर उत्तरेला

नीलहून पोर्ट ब्लेअरला परत येऊन पहाटेच्या सरकारी बसने रंगत किंवा दिगलीपूरला जाता येतं. दिगलीपूरला दहा-बारा तास लागतात. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या ठरावीक वेळी ताफ्याने सोडतात, मध्ये कुठे थांबता येत नाही. तिथे कोणी दिसलं तरी फोटो काढणं, काही खायला देणं, हाक मारणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. कायद्याच्या आधीही हे साध्या माणुसकीचं आहे: ते लोक बघायची वस्तू नाहीत. खिडकी बंद ठेवा, मोबाईल खिशात ठेवा.

दिगलीपूरजवळच्या एरियल बे जेट्टीवरून रॉस आणि स्मिथ या जोड बेटांना बोट जाते. दोन्ही बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली, भरतीत तो पट्टा बुडतो, म्हणून इथेही तक्ता बघूनच जा. बोटीचं भाडं पूर्ण बोटीचं असतं. जेट्टीवर सकाळी सातला पोहोचून आणखी तीन-चार जणांना सामील करून घ्या, माणशी खर्च निम्म्यावर येतो. जवळच्या कालीपूर किनाऱ्यावर थंडीच्या महिन्यांत रात्री कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याच्या माणसाबरोबरच जा, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा, उजेडाने मादी माघारी फिरते.

एवढा लांबचा प्रवास नको असेल तर रंगतला उतरा, आमकुंज किनारा आणि धनीनाल्याची खारफुटीतली लाकडी वाट बघा. दिगलीपूर आणि दक्षिणेकडचं लिटल अंदमान बेट दोन्ही एका फेरीत बसवायचा प्रयत्न करू नका, अर्धा वेळ बस आणि बोटीत जाईल. निकोबारला वेगळा परवाना लागतो, तो पर्यटनासाठी सहजासहजी मिळत नाही.

किनाऱ्यावर तंबू ठोकायचा बेत असेल तर सोडा. बहुतेक किनाऱ्यांवर रात्री थांबायची परवानगी नाही, आणि सँडफ्लाय व मगर ही दोन कारणं कायद्याहून मोठी आहेत.

पैशाचा हिशेब

दोघं एका खोलीत, बेटांवर दहा रात्री धरून माणशी असा हिशेब बसतो: रेल्वे जाऊन-येऊन आणि चेन्नईतली रात्र अठराशे, विमान दहा हजार, खोल्या साडेचार ते पाच हजार, जेवण आणि चहापाणी चार हजार, बोटी दोन ते अडीच हजार, बस, सायकल, स्कूटर दोन हजार, स्नॉर्कलिंग, पास आणि तिकिटं दीड ते दोन हजार. बेरीज सव्वीस-सत्तावीस हजारांपर्यंत जाते. वर दोन हजार अडचणीसाठी वेगळे ठेवा आणि ते घरी आल्याशिवाय मोजू नका. स्कूबा डायव्हिंग करायचं असेल तर साडेतीन-चार हजार आणखी, आणि ते परतीच्या विमानाच्या किमान चोवीस तास आधी उरकलेलं हवं. खोल पाण्यातून आल्यावर लगेच उंचीवर गेलात तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेततं.

पोर्ट ब्लेअरजवळच्या वांडूरहून जॉली बॉय बेटाला जायचं असेल तर सोमवार सोडून जा. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे बेट, इथे प्लास्टिकला मनाई आहे आणि बॅग उघडून तपासतात. स्टीलची बाटली न्या.

परतताना

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी सकाळी बेटावरून बोट, हा बेत कितीही सोयीचा वाटला तरी करू नका. वाऱ्याने बोट रद्द झाली तर सरकार बोटीचे पैसे परत देतं, विमानाचे नाही. जास्तीचा एक दिवस मध्ये धरला की हवामानाचं भय उरत नाही.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे, वाळू, काही उचलून बॅगेत टाकू नका. किनाऱ्यावर मेलेलं पडलेलं असलं तरी प्रवाळ आणि बरेच शंख वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. विमानतळावर बॅग एक्स-रेमधून जाते, तिथे सापडलं तर बॅग उघडावी लागते, चौकशी होते आणि विमान चुकू शकतं. मुलांनी खिशात भरलेले शिंपलेही आदल्या रात्री काढून ठेवा. दुकानातून शंखाची वस्तू घेतली तर पावती सोबत असू द्या.

चेन्नईला उतरल्यावर गाडीपर्यंत किमान सहा तास हातात ठेवा, आणि परतीचं रेल्वे तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच, साठ दिवसांच्या आरक्षणाचा हिशेब बघून काढा. त्या गाडीचं वेटिंग तिकीट घेऊन निघू नका, कारण चेन्नईहून उत्तरेकडच्या गाड्या वर्षभर भरलेल्या असतात. घरी आल्यावर बॅग, सँडल आणि झिपची पिशवी गोड्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. मिठाने चेनी जाम होतात, आणि पुढच्या वेळी बॅगेची चेन बाहेर पडायच्या घाईतच तुटते.